नवा फोन येतोय, पण त्याच्या हॉटस्पॉटवर हुकूम कुणाचा? टेदरिंगच्या नियमांची सविस्तर माहिती

सप्टेंबर जवळ आला की ॲपलच्या नव्या आयफोनची चर्चा सुरू होते. वर्षाच्या सुरुवातीला सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेची होते. दहा-पंधरा हजारांच्या फोनच्या जाहिराती तर बारा महिने चालूच असतात, आणि आपल्या बहुतेक घरांत घेतला जातो तो यातलाच एखादा. या सगळ्या गाजावाजात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती चालते, चार्जर डब्यात मिळतो की नाही, हे सगळं विचारलं जातं. एक प्रश्न मात्र राहून जातो: या फोनवरून घरातल्या लॅपटॉपला इंटरनेट देता येईल का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का?

हा प्रश्न आमच्या वाचकांसाठी छोटा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर इंटरनेट घराघरांत पोचलं ते मुख्यतः मोबाईलमधून. आजही अनेक घरांत वायफायची वायर नाही. अब्बा कामावरून परत आले, त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लागला, की मग मुलीचा लॅपटॉप चालू होतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला जातो, नाहीतर भावाचा ऑनलाइन क्लास होतो. अशा घरात हॉटस्पॉट बंद म्हणजे मुलांची तालीम बंद. म्हणून टेदरिंग म्हणजे काय, त्यावर कुणाचे नियम चालतात आणि नवा फोन घेताना काय तपासावं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

टेदरिंग म्हणजे नेमकं काय?

फोनमधल्या सिमचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला वापरायला देणं म्हणजे टेदरिंग. ते तीन प्रकारे होतं.

पहिला प्रकार वायफाय हॉटस्पॉट. फोन स्वतःच छोटा राउटर बनतो, आणि लॅपटॉप, टॅब किंवा दुसरा फोन पासवर्ड टाकून त्याला जोडला जातो. दुसरा प्रकार यूएसबी टेदरिंग. चार्जिंगच्या केबलने फोन थेट संगणकाला लावायचा. यात जोडणी स्थिर राहते आणि फोन चार्जही होत राहतो. तिसरा प्रकार ब्लूटूथचा. त्याचा वेग कमी असतो, पण बॅटरी कमी खर्च होते. एखादा ईमेल पाठवायला तो पुरतो.

तिन्ही प्रकारांत डेटा जातो तो त्याच सिमच्या खात्यातून. लॅपटॉपने एक जीबी वापरला तरी तुमच्या रिचार्जमधून एकच जीबी कमी होतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण याच मुद्द्यावर आहे.

हॉटस्पॉटचं बटण कुणाच्या हातात?

बटण आपल्या फोनमध्ये दिसतं, म्हणून ते आपलंच असं आपण समजतो. प्रत्यक्षात तीन जणांची परवानगी लागते.

एक, फोन बनवणारी कंपनी. फोनमध्ये ही सोय ठेवायची की नाही हे ती ठरवते.

दोन, मोबाईल नेटवर्कची कंपनी. आयफोनमध्ये नेटवर्क कंपनीच्या सेटिंगची एक फाईल असते. हॉटस्पॉटची परवानगी तिच्यावर अवलंबून असते. अँड्रॉइडमध्येही हॉटस्पॉट चालू करताना आधी नेटवर्कला विचारून घेण्याची व्यवस्था आहे. कंपनीची इच्छा असेल तर ती वापरता येते.

तीन, तुमचा प्लॅन. एकाच कंपनीच्या एका प्लॅनमध्ये हॉटस्पॉट चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, असंही होऊ शकतं. कधी चालतो, पण ठरावीक जीबीपर्यंतच.

म्हणून एकच मॉडेल एका देशात निर्धास्त हॉटस्पॉट देतं आणि दुसऱ्या देशात "कंपनीशी संपर्क साधा" असा संदेश दाखवतं.

कंपनीला कळतं कसं?

अनेकांना वाटतं, फोनवरच व्हिडिओ पाहिला की लॅपटॉपवर, हे कंपनीला कुठून कळणार? पण कळतं, आणि त्याच्या पद्धती आहेत.

इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेत प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. फोनमधून निघालेल्या पॅकेटचा आकडा साधारणपणे ६४ पासून सुरू होतो, विंडोजच्या संगणकाचा १२८ पासून. लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून पुढे गेलं की आकडा १२७ होतो. नेटवर्कला १२७ दिसला की मागे संगणक बसला आहे हे ओळखता येतं. दुसरी पद्धत म्हणजे टेदरिंगचा डेटा वेगळ्या एपीएनमधून, म्हणजे वेगळ्या दारातून पाठवायला लावणं. तिसरी पद्धत वापरावरून अंदाज बांधण्याची: विंडोजचं अपडेट मागणारं यंत्र फोन नसतो, हे उघड आहे.

आता हे नियम बनले कसे, ते बघू. त्यासाठी अमेरिकेकडे वळावं लागतं, कारण टेदरिंगवरचं सगळ्यात गाजलेलं भांडण तिथेच झालं.

अमेरिकेतला किस्सा: त्याच डेटाचे दोनदा पैसे

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा तो अमेरिकेत फक्त एटी अँड टी या कंपनीच्या नेटवर्कवर मिळत होता. सोबत अमर्याद डेटाचा प्लॅन होता, पण लॅपटॉपला इंटरनेट द्यायची सोय नव्हती. २००८ मध्ये नेटशेअर नावाचं एक ॲप ही सोय घेऊन ॲप स्टोअरवर आलं आणि थोड्याच दिवसांत काढून टाकलं गेलं.

जून २००९ मध्ये ॲपलने आयफोन ३जीएस आणि आपल्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आणली. त्यात टेदरिंग होतं. ॲपलने मंचावरून सांगितलं की सुरुवातीला ४२ देशांतल्या २२ नेटवर्क कंपन्या ही सोय देतील. त्या यादीत एटी अँड टी नव्हती. म्हणजे फोन ज्या देशात बनवायचं ठरलं, त्याच देशातल्या ग्राहकाला त्या फोनची ही सोय मिळाली नाही. फोन तयार होता, नेटवर्क तयार नव्हतं.

पुढच्या वर्षी आयफोन ४ येणार होता. त्याच्या घोषणेला पाच दिवस असताना, २ जून २०१० रोजी, एटी अँड टीने नवे दर जाहीर केले. नव्या ग्राहकांसाठी अमर्याद प्लॅन बंद झाला. त्याऐवजी महिन्याला २५ डॉलरमध्ये २ जीबी. आणि टेदरिंग हवं असेल तर आणखी २० डॉलर. या २० डॉलरमध्ये जादा डेटा एक एमबीही नव्हता. तोच २ जीबी फोनवर वापरला तर २५ डॉलर, लॅपटॉपवरही वापरायचा तर ४५ डॉलर. विहिरीतलं पाणी तेवढंच, पण घागरीऐवजी बादलीत भरलं म्हणून पैसे वेगळे.

ज्यांचा जुना अमर्याद प्लॅन चालू होता त्यांना टेदरिंगसाठी तो सोडावा लागत होता. काही जण ॲप किंवा युक्त्या वापरून गुपचूप टेदरिंग करत. २०११ च्या मार्चमध्ये अशा ग्राहकांना कंपनीचे संदेश गेले: हे थांबवा, नाहीतर तुम्हाला टेदरिंगच्या प्लॅनवर टाकण्यात येईल.

दरम्यान फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीकडेही आयफोन ४ आला. तिने पाच यंत्रांपर्यंत हॉटस्पॉट दिला, त्याचे २० डॉलर घेतले, पण त्यासोबत २ जीबी डेटा वेगळा दिला. स्पर्धा दिसताच एटी अँड टीनेही ४५ डॉलरच्या टेदरिंग प्लॅनमधला डेटा २ वरून ४ जीबी केला. बाजारात दुसरं दुकान उघडल्यावर पहिल्या दुकानाचा भाव कसा उतरतो, याचं हे सरळ उदाहरण.

नियम बदलला तो लिलावातल्या एका अटीने

ग्राहकांच्या बाजूने खरा फरक पडला तो एका जुन्या अटीमुळे. २००८ मध्ये अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव झाला. त्यातल्या 'सी ब्लॉक' नावाच्या मोठ्या तुकड्यावर तिथल्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २००७ मध्येच एक अट घातली होती: या लहरी घेणारी कंपनी ग्राहकाला त्याच्या पसंतीचं यंत्र आणि पसंतीचं ॲप वापरण्यापासून अडवू शकणार नाही. अशा खुलेपणासाठी गूगलने जोर लावला होता. सी ब्लॉकचा मुख्य भाग व्हेरायझनने घेतला आणि डिसेंबर २०१० मध्ये आपलं फोर-जी नेटवर्क त्यावरच सुरू केलं.

पण अँड्रॉइडच्या ॲप बाजारात टेदरिंगची काही ॲप व्हेरायझनच्या ग्राहकांना मिळेनाशी झाली. २०११ मध्ये फ्री प्रेस या संस्थेने आयोगाकडे तक्रार केली. चौकशी झाली आणि ३१ जुलै २०१२ रोजी समझोता झाला. व्हेरायझनने साडेबारा लाख डॉलर भरले आणि मान्य केलं की जितका वापर तितके पैसे अशा प्लॅनवरचे ग्राहक वेगळं शुल्क न भरता टेदरिंगचं ॲप वापरू शकतील.

यात एक बारकावा आहे. ही सूट मोजून डेटा घेणाऱ्यांना मिळाली, अमर्याद प्लॅनवाल्यांना नाही. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. ज्याने ५ जीबीचे पैसे भरले त्याने ते फोनवर वापरले काय आणि संगणकावर काय, कंपनीचं नुकसान होत नाही. अमर्याद प्लॅनचा दर मात्र एका फोनचा सरासरी वापर धरून ठरवलेला असतो. त्यावर चार संगणक लावले तर हिशेब बिघडतो. म्हणून २०१७ मध्ये व्हेरायझनने पुन्हा अमर्याद प्लॅन आणला तेव्हा हॉटस्पॉटला पूर्ण वेगाने १० जीबीची मर्यादा ठेवली. आमच्या मते ग्राहकाने स्वतःचा प्लॅन तपासताना हीच कसोटी लावावी: डेटा मोजून मिळत असेल तर टेदरिंगचे वेगळे पैसे मागणं अन्यायाचं आहे. अमर्याद असेल तर मर्यादा असू शकते, पण ती आधी स्पष्ट सांगितलेली हवी.

युरोपात काय झालं?

युरोपीय संघाने २०१५ मध्ये खुल्या इंटरनेटचा नियम केला. त्यात ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र वापरण्याचा हक्क दिला आहे. जर्मनीत व्होडाफोनचा एक पास होता. त्यात ठरावीक ॲपचा डेटा मूळ कोट्यातून कापला जात नसे. पण तेच ॲप हॉटस्पॉटवरून दुसऱ्या यंत्रावर वापरलं तर डेटा कापला जाई. ग्राहक संघटनांनी हे न्यायालयात नेलं. २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की काही ॲपना मोफत ठेवणारी अशी योजनाच नियमात बसत नाही, त्यामुळे तिच्यावर आधारलेली टेदरिंगची अटही टिकत नाही.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे टेदरिंगसाठी वेगळं शुल्क घेण्याची पद्धत रुजली नाही. बहुतेक लोक फोन दुकानातून किंवा ऑनलाइन घेतात, सिम वेगळं घेतात. त्यामुळे नेटवर्क कंपनीला फोनच्या आत हात घालायला फारशी जागा मिळत नाही. ही आपल्या बाजाराची चांगली बाजू आहे.

नियमांचा विचार केला तर ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर लावण्यावर बंदी आणली. त्यात टेदरिंगचा विषय नव्हता. पण नोव्हेंबर २०१७ मधल्या शिफारशींत ट्रायने म्हटलं की मजकूर, प्रोटोकॉल किंवा ग्राहकाचं यंत्र यावरून इंटरनेट देण्यात भेदभाव होऊ नये. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. हॉटस्पॉटविषयी वाद झाला तर 'ग्राहकाचं यंत्र' हे शब्द उपयोगी पडण्यासारखे आहेत.

२०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही एक महत्त्वाचा निकाल दिला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी मोबाईल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल टेदरिंगवरचा नाही, पण इंटरनेट ही चैन नाही हे त्यातून कळतं.

तरी आपल्याकडे अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली, फोनमध्येच सोय नसणं. जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन जाहीर झाला. फोर-जी चालणारा हा स्वस्त फोन लाखो घरांत गेला, पण सुरुवातीला त्यात हॉटस्पॉट नव्हता. नेट होतं, ते त्याच छोट्या पडद्यापुरतं. स्वस्तातला फोन घेताना ही गोष्ट आजही तपासावी.

दुसरी, 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. शिवाय ते फाइव्ह-जी फोनवर आणि फाइव्ह-जी सिग्नल असतानाच लागू होतं. फोन फोर-जीवर घसरला की रोजचा कोटा कापला जातो. घराच्या आतल्या खोलीत हॉटस्पॉट लावून बसलात आणि फोन गुपचूप फोर-जीवर गेला, तर लॅपटॉप अर्ध्या तासात दिवसाचा डेटा संपवू शकतो. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस झाला तर एक एमबीची फाईल उतरायला साधारण दोन मिनिटं लागतात. त्यावर क्लास होत नाही. अमर्याद प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतात, हेही लक्षात ठेवा. दुकान किंवा सायबर कॅफे त्यावर चालवला तर कंपनी हरकत घेऊ शकते.

आखातातून किंवा अमेरिकेतून फोन येणार असेल तर

कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांत नवा फोन दुबई, कुवेत, सौदीतून येतो. भाईजान सुट्टीला येताना घेऊन येतात. यंदा नाहीतर पुढच्या वर्षी असा फोन मागवणार असाल तर दोन गोष्टी आधीच विचारा.

एक, सिम. २०२२ मधल्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. २०२५ च्या आयफोन १७ पासून सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनचंही तेच. इथे आल्यावर आपल्या नंबरचं ई-सिम करून घ्यावं लागेल.

दोन, लॉक. अमेरिकेत नेटवर्क कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन बऱ्याचदा त्या कंपनीला बांधलेला असतो. तो पूर्ण अनलॉक झाला आहे याची खात्री करूनच घ्या.

उमरा, हज किंवा नोकरीनिमित्त बाहेर जाताना घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये आणि प्रवासी ई-सिममध्येही हॉटस्पॉट चालेलच असं नाही. घरच्या चार जणांत एकच पॅक वाटून घ्यायचा विचार असेल तर निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

नवा फोन घेण्याआधी तपासा

१. फोनच्या माहितीपत्रकात वायफाय हॉटस्पॉट आणि यूएसबी टेदरिंग दोन्ही लिहिलं आहे का?
२. दुकानातच आपलं सिम घालून हॉटस्पॉट चालू करून बघा. दुसरा फोन जोडून एखादं पान उघडा.
३. फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देतो का? वेग चांगला मिळतो. पण जुना लॅपटॉप २.४ वरच जोडला जातो, त्यामुळे दोन्ही असलेला बरा.
४. तुमच्या प्लॅनच्या अटींत हॉटस्पॉट, टेदरिंग, वैयक्तिक वापर हे शब्द शोधा. वाचून समजलं नाही तर घरातल्या शिकलेल्या मुलाला वाचायला सांगा.
५. नुसत्या 'अमर्याद' शब्दावर जाऊ नका. किती जीबीनंतर वेग कमी होतो, हा आकडा विचारा.

वापरताना डेटा कसा वाचवायचा?

विंडोजमध्ये हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक मोठी अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. फोटो आणि फाईलींचं आपोआप होणारं क्लाउड बॅकअप क्लासच्या वेळी थांबवा. व्हिडिओचा दर्जा कमी ठेवा. उंच दर्जावर तासाभराचा क्लास एक जीबीच्या आसपास डेटा घेऊ शकतो.

पासवर्ड लांब ठेवा आणि मधूनमधून बदला. अनोळखी माणसाला हॉटस्पॉट देऊ नका. त्याने काही गैर केलं तर नोंद तुमच्या सिमच्या नावावर होते, आणि पहिली विचारपूस तुमच्याकडेच होईल.

तक्रार कुठे करायची?

हॉटस्पॉट अचानक बंद झाला किंवा न सांगता पैसे कापले गेले, तर आधी आपल्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, म्हणजे १९८ वर फोन करा आणि डॉकेट नंबर मागून घ्या. तो नंबर लिहून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, म्हणून सुरुवात कंपनीकडूनच करावी लागते. प्लॅन घेतला त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट जवळ असेल तर तुमचं म्हणणं पक्कं होतं.

व्हेरायझनच्या ग्राहकांना हक्क मिळाला तो लिलावाच्या कागदावर एक अट आधीच लिहून ठेवलेली होती आणि ती वाचून तक्रार करणारं कुणीतरी होतं म्हणून. नवा फोन घ्यायला जाल तेव्हा सिम आणि आणखी एक फोन सोबत न्या, हॉटस्पॉट लावून बघा, आणि मगच पैसे मोजा.